वीरभद्रप्पांच्या घाण्याचे चाक

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी देव नाही. मी चुना दळणारा एक जुना दगड आहे, बैल जुंपून फिरवायच्या घाण्याचे चाक. सोलापुरात ज्या कोपऱ्यावर माझी पूजा झाली, तिथल्या लोकांना हे ऐकून वाईट वाटेल, पण खरे ते खरे.

माझा जन्म अक्कलकोट रस्त्यावरच्या एका खाणीत झाला. पाथरवटांनी मला गोल घडवले, मधोमध लाकडी कण्यासाठी भोक पाडले आणि वीरभद्रप्पा गुत्तेदारांनी मला विकत घेतले. गुत्तेदार म्हणजे बांधकामे अंगावर घेणारे. तो काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. गिरण्या वाढत होत्या, खेड्यांतून माणसे येत होती आणि त्यांना डोक्यावर छप्पर हवे होते. वीरभद्रप्पांनी चाळी बांधल्या, दुकाने बांधली, विहिरींचे कठडे बांधले. कपाळाला भस्म, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले आणि अंगभर चुना. त्यांच्या रुमालाचा मूळ रंग कोणता, हे मलाही कधी कळले नाही.

त्यांची एक रीत होती. मी दळलेला चुना हातात घेऊन ते त्याचा लाडू वळत आणि सुकला की पाण्याच्या लोट्यात टाकून ठेवत. लाडू शाबूत राहिला तर बांधकाम सुरू. विरघळला तर चुना पुन्हा घाण्यात, आणि मी, बैल, गडीमाणसे सगळे पुन्हा पहिल्यापासून. गावात त्यांची भारी थट्टा चाले. "लाडू झाले का गुत्तेदार?" असे लोक मुद्दाम विचारत. एकदा एक दुकानदार भडकला, "माझा मुहूर्त टळतोय, लावा की तसाच!"

वीरभद्रप्पा शांतपणे म्हणाले, "मुहूर्त दुसरा मिळतो की हो शेट. भिंतीखाली मानूस गावलं तर दुसरं कुटनं आणू?"

मला त्यांचा राग यायचा, कारण जादा फेरे माझ्याच नशिबी. पण ते भिंतीवर हात फिरवून समाधानाने हसले की माझा राग कुठल्या कुठे पळायचा.

बाळंतिणींचा दवाखाना हे त्यांचे शेवटचे काम. त्यांची मुलगी बाळंतपणासाठी बैलगाडीतून शहरात आणताना वाटेतच दगावली होती. त्यानंतर त्यांनी वर्गणी गोळा केली, स्वतःची जागा दिली आणि दवाखाना उभा केला. माझा घाणा त्याच्याच परसात मांडला होता. दवाखान्यात पहिले मूल रडले तेव्हा ते माझ्या शेजारी बसून होते. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा कामाला लागले.

ते गेले. मुले कापडाच्या धंद्यात शिरली, गावात सिमेंट आले आणि घाणा मोडला. मी ज्यात फिरायचो तो गोल दगडी चर परसात पाल्याने भरून गेला. मला मात्र लोकांनी ढकलत नेऊन दवाखान्याच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर लिंबाला टेकवून उभे केले. वर्षानुवर्षे माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

मग नारळ विकणारी चंद्रव्वा आली. एकदा तापाने फणफणलेली असताना ती मला टेकून बसली आणि तिचा ताप उतरला. एवढेच निमित्त! दुसऱ्या दिवशी तिने मला धुतले, शेंदूर फासला आणि कण्याच्या भोकात पणती लावली. बघता बघता सोमवारी रांग लागू लागली. खोटे कशाला बोलू, सुरुवातीला मजा वाटली. पुढे मात्र जीव कंटाळला. मला फिरायची सवय, बसून राहायची नाही.

यंदा, म्हणजे १९७४ साली, दवाखान्याची मागची भिंत फुगली. गटाराचे पाणी पायात मुरले होते. तरुण इंजिनियर साहेबांनी पाहणी करून सांगितले, "पावसाळ्याआधी दुरुस्ती झाली नाही, तर दवाखाना बंद करावा लागेल." सिमेंट सरकारी परमिटवर मिळायचे, आणि परमिट काही येईना.

दवाखाना सांभाळणाऱ्या कमरबी रडकुंडीला आल्या. "साहेब, गिरणीतल्या माझ्या बायका कुटं जातील?"

"भिंत मुळात चुन्याचीच आहे. चुन्यानंच बांधा की," साहेब म्हणाले. वीरभद्रप्पांच्या हाताखाली तयार झालेले गवंडी नबीसाब लगेच तयार झाले. चर साफ झाला, गाडीवान महिपतीने बैल देऊ केला. राहिले फक्त चाक. सगळे माझ्याकडे आले, तर चंद्रव्वा आडवी उभी!

"देवाला बैलामागं जुंपताय व्हय? हात तर लावून बघा!"

बरीच बाचाबाची झाली. शेवटी तिनेच तोड काढली. "कौल लावू. उजवं फूल पडलं तर न्या. डावं पडलं तर परत हितं यायचं न्हाय."

कमरबींनी मान डोलावली. चंद्रव्वाने माझ्या दोन्ही बाजूंना ओली फुले चिकटवली. मित्रांनो, तेवढा हतबल मी कधीच झालो नाही. उजवे पडावे म्हणून जीव तुटत होता, पण बैलाशिवाय मला तसूभरही हलता येत नाही. ऊन चढले. फुले सुकली, तरी चिकटून राहिली. कमरबी पदराने तोंड झाकून भिंतीकडे पाहत होत्या. दवाखान्यातून एका बाळंतिणीचे कण्हणे ऐकू येऊ लागले, आणि त्या उठून आत धावल्या.

चंद्रव्वा त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि उजवे फूल स्वतः उचलले.

"द्येव लई भिडस्त हाय," ती म्हणाली. "त्येच्या मनातलं मी वळीकते. न्या."

नारळाच्या शेंडीने शेंदूरही तिनेच घासून काढला. उरलासुरला चुन्यात मिसळला आणि पहिला घाणा गुलाबी निघाला. मी फिरत होतो! हाडे करकरत होती, तरी मला गावेसे आणि नाचावेसे वाटत होते. पावसाआधी भिंत उभी राहिली. साहेबांनी ती ठोकून पाहिली आणि दवाखाना चालू ठेवायचा हुकूम दिला. आता बाकीच्या भिंतींची डागडुजी चालू आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुन्या वस्तू असतील. त्यांना अडगळीत टाकू नका, आणि नुसते हार घालून बसवूही नका. पुसा, तेलपाणी करा आणि काम सांगा. आम्हाला तेच हवे असते.

परवा सांगोल्याची एक बाई नारळ घेऊन कोपऱ्यावर आली. मोकळी जागा पाहून गोंधळली. "मावशी, हितला देव कुटं गेला?"

"कामावर गेलाय," चंद्रव्वा म्हणाली. "दवाखान्याच्या मागं बघ. पर लांबनंच हात जोड, त्येला येळ न्हाय."