नंदीले आवतण

अण्णाजी आमच्या घरी चहा प्याले, त्याच दिवशी मी समजली की दाल में कुछ काला आहे.

आता तुम्ही म्हणाल, चहाच प्याला ना माणूस, जहर तर नाई पाजलं कोणाले. पण आमच्या सेलूत अण्णाजी म्हणजे काय चीज आहे हे तुम्हाले माहीत नाई. बाजारलाइनीत आमचं धान्याचं दुकान, अन् बरोबर समोर त्याचं कापडाचं. मी लग्न होऊन आली तेव्हापासून त्या माणसानं आमच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता. कारण काय, तर आमचा नंदी.

तान्ह्या पोळ्याचा नंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरंसोरं लाकडाचे बैल घेऊन गावात निघतात, त्यातला सगळ्यात मोठा आमचा. माझ्या कमरेएवढा उंच, सागवानी, खाली चार चाकं. घराची माडी बांधली तेव्हा एक तुळई उरली, तिच्यातून सासऱ्यानं आंगणातच सुताराकडून करून घेतलता. सासूबाई सांगत, भुसा कितीतरी दिवस भातात निघे. गावच्या तोरणाखाली, सगळ्या नंदींच्या रांगेत, पह्यला उभा राहायचा मान त्याचा. अण्णाजीचा नंदी दुसरा. अन् दुसरा तो दुसराच, बाप्पा. वर्षभर पोटात दुखायले तेवढं पुरते.

तर नव्याण्णव सालच्या पावसाळ्यात हे अण्णाजी बशीत चहा ओतून म्हणतात कसे, "वहिनी, चहा एक नंबर झाला. यंदा आपण गावाचा महोत्सव करून राह्यलो. वर्ध्याचे, नागपूरचे लोक पोळ्याच्या दिवशी आपली जुनी घरं पाहाले येतील. माझा पोरगा योगेंद्र सगळं समजावून सांगीन त्याईले. तुमच्या घराशिवाय कसं होईन?"

"आमच्या घरात पाहण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं.

"नंदी आहे ना, वहिनी."

हे बोलताना त्याची नजर माझ्याकडे नव्हती. मजघरात नंदी उभा होता, तिकडे होती.

आमचे हे, प्रभाकरराव, तर फुलून गेले. महोत्सवाच्या बोर्डावर नाव येणार म्हणे. अण्णाजी गेल्यावर मी म्हटलं, "वीस वर्षं पाणी नाई प्याला आपल्या घरचं, अन् आता चहा काऊन गोड लागून राह्यला याले?"

"तुले तर देवाच्या प्रसादातही खडाच दिसते," हे म्हणाले.

दिसते. खडा असला की दिसतेच. धान्यवाल्याची बायको आहो मी.

आता एक गोष्ट तुम्हाले सांगून ठेवते, नाईतर पुढचं समजणार नाई. पोळ्याले बैलाची खांदशेकणी असते. पळसाच्या पानानं लोणी-हळद बैलाच्या खांद्यावर चोळायची अन् म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायले या.' खऱ्या बैलाची आदल्या दिवशी होते, लाकडाच्या नंदीची आमच्याकडे पोळ्याच्या संध्याकाळी. ज्याच्या तोंडून आवतण, त्याच्याच दारी दुसऱ्या दिवशी नंदी जेवते. अन् ज्याच्या दारी जेवला, त्याच दारातून तोरणाकडे निघते. लिहिलेलं कुठंच नाई, पण गावात लहान पोरालेही पाठ आहे. आमच्या नंदीले आवतण दरवर्षी माझ्या जेठाचा, म्हणजे यायच्या मोठ्या भावाचा, पोरगा देई, अन् दोरही तोच धरे. तो यंदा शिकायले पुण्याले गेलता.

राह्यली आमची दिपाली, सातवीतली. एकुलती एक. वर्षभर नंदीले पुसणं, चाकाले तेल देणं, शिंगाले बेगड लावणं, सगळं तीच करे. पण दोर पोरीच्या हातात? छे! पोरीनं घरातल्या घरात काय लाड करायचे ते करावे.

पोळ्याच्या आठवड्यात योगेंद्र टेप घेऊन आला. मले वाटलं घर मोजते, तर हा नंदीची रुंदी मोजून राह्यला.

"हे कायले रे?"

"बोर्डासाठी, काकू. माहिती लिहा लागते."

बरं. दोन-तीन दिवसांनी शेजारच्या कौशल्याबाई सांगत आल्या, की अण्णाजीनं सुतार बोलावून स्वतःच्या घराच्या समोरच्या दाराचा उंबरा काढून टाकला. "म्हणे पाहुणे अडखळतात."

"माय वं! सणाच्या तोंडावर कोणी घराचा उंबरा काढते का?" मी म्हटलं. पण त्यापुढं माझं डोकं काही चाललं नाई, खोटं कायले बोलू.

पोळा उजाडला. अन् काय तमाशा सांगू! कमिटीचा हुकूम, घर जुनं दिसलं पाहिजे. आमच्या फ्रिजवर चादर टाकली, प्लास्टिकच्या बादल्या न्हाणीत कोंबल्या, टीव्हीसमोर सुपडं उभं केलं. मी इकडे पुरण वाटून राह्यली, अन् चपला घातलेले लोक स्वयंपाकघरात डोकावून म्हणतात, "अय्या, पाटा!" एका बाईनं तर माझाच फोटो काढला. वस्तू समजली का काय, देव जाणे.

योगेंद्राच्या हातात भोंगा. मजघरात उभा राहून तो सांगे, अन् मले चुलीपासून सगळं ऐकू येई. पह्यल्या खेपेले म्हणाला, "हा मानाचा नंदी या घरात आहे." ठीक. दुसऱ्या खेपेले म्हणाला, "हा मानाचा नंदी या घरात ठेवलेला आहे." माझा हात थांबला. ठेवलेला म्हणजे? तिसरी खेप आली, तर नंदी आमच्या घरी 'सांभाळायले देल्लेला' झाला. दुपारनंतरच्या खेपेत तर अण्णाजीच्या आजोबानं तो करवून घेतलता अन् त्याईचं घर पडकं होतं म्हणून आमच्याकडे ठेवलता!

मी पुरणाच्या हातानंच बाहेर आली. "अहो," मी आमच्या यायले हळूच म्हटलं, "ऐकून राह्यले का तुम्ही?"

"पाहुण्यांसमोर तोंड नको उघडू," हे म्हणाले, अन् दुसरीकडे पाहू लागले.

पाहुण्याईचं सोडा. ते संध्याकाळी मॅटडोरमध्ये बसून आपल्या गावी जाणार. पण प्रत्येक खेपेच्या मागे गावातले लोकही येऊन उभे राहत होते ना. पह्यल्यांदा ते एकमेकांकडे पाहत. तिसऱ्यांदा माना हलवू लागले. कौशल्याबाई, जिचं अर्धं आयुष्य आमच्या ओट्यावर गेलं, ती पीठ मागायले आली अन् म्हणते, "पाहा ना वं, मले माहीतच नव्हतं, नंदी अण्णाजीकडचा होता म्हून!"

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! माणूस घरात घुसून, आमचाच चहा पिऊन, आमच्याच छताखाली आमचा नंदी त्याचा करून राह्यला, अन् घरधनी बोर्डावर नाव आलं म्हणून खूश.

संध्याकाळी शेवटची खेप आली, अन् तिच्यासंग अर्धं गाव. मजघर भरलं, ओटा भरला. अण्णाजी आले, संग नातू अंकुश. धोतर, फेटा, कपाळाले गंध. मी लोणी-हळदीची वाटी घेऊन उभी होती. योगेंद्रानं भोंगा तोंडाले लावला. "आता मूळ घराण्याचा वारस नंदीची खांदशेकणी करीन, अन् आवतण देईन."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंकुश आवतण देईन. म्हणजे उद्या नंदी जेवायले त्याच्या घरी जाईन. चाकावरचा नंदी आत जायले पाहिजे, म्हणून टेप, अन् म्हणून उंबरा काढला! अन् एकदा त्या दारातून निघाला, की परत कोण आणून देते? बैल गेला अन् झोपा केला, असं झालं असतं.

अंकुशनं वाटीकडे हात केला. मी वाटी मागे घेतली.

"थांब रे."

अण्णाजी हसले. "वहिनी, मी काही चोरी नाई करून राह्यलो. प्रभाकररावाले विचारा. त्याईनंच होकार देल्ला मले. चहा प्यालो ना, त्याच दिवशी, दुकानात."

मी यायच्याकडे पाह्यलं. हे नंदीच्या चाकाचा चिखल नखानं काढत बसले होते. चाकाले चिखल नव्हताच.

"प्रमिला, समजून घे," हे खालीच पाहून बोलले. "घरात पोरगा नाई. दोर कोण धरीन? पोरगी उद्या परक्याच्या घरी जाईन. नंदी कोपऱ्यात धूळ खाण्यापेक्षा कोणाच्या तरी दारी मानानं..."

असं वाटलं, वाटी याच माणसाच्या डोक्यावर पालथी करावी. महिनाभर मी दारातल्या चोरावर नजर ठेवून होती, अन् कडी आतूनच काढलेली होती. रडू नाई आलं मले. राग आला. अन् त्या रागात मले दिपाली दिसली. खांबाले टेकून उभी होती, बेगडाचा कागद हातात चुरगाळत. सगळं ऐकलं होतं तिनं. बापाकडे पाहत होती, अन् बाप तिच्याकडे पाहत नव्हता.

"दिपाली," मी म्हटलं, "इकडे ये."

ती आली. मी पळसाचं पान तिच्या हातात देल्लं, वाटी पुढं केली.

"वहिनी, पोरीच्या हातानं खांदशेकणी?" अण्णाजीचं हसणं गेलं. "असं होत नसते."

"वर्षभर पुसते ती, तेल देते ती, तेव्हा नाई आठवलं कोणाले पोरगी आहे म्हून? चाल गं माय. लाव."

दिपालीनं लोणी घेतलं अन् नंदीच्या खांद्यावर चोळलं. आधी भीतभीत, मग दोन्ही हातांनी. शब्द मजघराच्या बाहेर ओट्यापर्यंत गेले. "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या."

पाहुण्यातल्या कोणीतरी फोटो काढला, तेवढा उजेड चमकला. मग कौशल्याबाईच बोलल्या, दुपारी माझा जीव जाळून गेल्या त्याच. "झालं बाप्पा. एकदा आवतण घेतलेला बैल दुसऱ्याच्या दारी जात नाई."

"नाई जात," मागून एक म्हातारा म्हणाला. मग तीन-चार जण म्हणाले. मघाशी माना हलवणारे हेच लोक. पण कायदा तो कायदा. अण्णाजीनं अंकुशचा हात धरला अन् निघून गेले. योगेंद्र भोंगा आमच्या ओट्यावरच विसरला.

त्या रात्री मी यायच्याशी बोलली नाई.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर रांगोळी घातली. नंदीपुढं केळीचं पान मांडलं, पुरणपोळी, वडे, कढी, सगळं वाढलं. दिपालीनं त्याच्या तोंडाले घास लावला. मग तिचं ताट वाढलं. हे आंघोळ करून, नवी टोपी घालून आले अन् रोजच्यासारखे पाटावर बसले. ताटाची वाट पाहू लागले.

"तुम्हाले आवतण कोणी देल्लं?" मी विचारलं.

यायनं वर पाह्यलं. मी काही हसून नाई राह्यली, हे त्याईले दिसलं. दिपालीचा हात घासावरच थांबला.

हे उठले. मले वाटलं, चालले दुकानात, जाऊ द्या. पण हे मजघरात गेले. खुंटीवर नंदीचा दोर होता, जेठाच्या पोरानं मागच्या साली ठेवलेला. तो घेऊन आले, नंदीच्या वेसणीत ओवला, गाठ ओढून पाह्यली. अन् दुसरं टोक दिपालीच्या खरकट्या हातात देल्लं.

"जेवून घे बेटा," हे म्हणाले. "तोरणापाशी पह्यलं उभं राहा लागते तुले."

मग मी त्याईचं ताट वाढलं.