पंधरात तेरा

"डोळे तपासणाऱ्या मॅडम इथंच राहतात काय?" असं फाटकातून कुणी विचारलं, तेव्हा पुनमला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. ती डोळेच तपासत होती.

द्राक्षाच्या काडीवर, पानाच्या बेचक्यात, तुरीच्या दाण्याएवढा तपकिरी फुगवटा असतो. बागायतदार त्याला डोळा म्हणतात. ऑक्टोबरच्या छाटणीत काडी कुठं कापायची हे त्या डोळ्याच्या पोटात काय आहे यावर ठरतं. आत घड असेल तर पीक, नसेल तर नुसता पाला. बाहेरून मात्र दोन्ही डोळे अगदी सारखे दिसतात. म्हणून सप्टेंबर लागला की हट्टा गावच्या त्या घरात, हळदीची पोती रचलेल्या खोलीला लागून असलेल्या लहान खोलीत, पुनम सूक्ष्मदर्शक आणि दाढीचं ब्लेड घेऊन बसायची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती या घरात सून म्हणून आली होती. सासरे उत्तमराव यांनी हळद-सोयाबीनच्या मुलखात हट्टानं दोन एकर द्राक्षबाग लावली होती. आधी त्यांच्याच काड्या ती तपासायची. मग शेजारच्या तालुक्यांतून, परभणीकडूनही काड्यांच्या मोळ्या येऊ लागल्या.

सहा हंगाम झाले होते, तरी प्रत्येक डोळा उभा चिरताना तिचा श्वास क्षणभर थांबायचा. भिंगाखाली तपकिरी पापुद्रे बाजूला व्हायचे, त्याखाली कापसासारखी लव, आणि त्या लवेत गुंडाळलेला, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, फिकट हिरवा घड. त्याला खांदे असत, शेपूट असे. येत्या फेब्रुवारीत जे द्राक्ष कुणाच्या तरी जिभेवर फुटणार, ते मे महिन्याच्या उन्हात, कुणी बघत नसताना, तिथं मांडून ठेवलेलं असे. हे तिला पाठ होतं. पाठ असूनही दर वेळी ते नवं वाटे.

"या आत," तिनं भिंगावरची नजर न काढता म्हटलं. "काड्या आणल्यात ना?"

"काड्या कशाला, मॅडम? माणूसच आणलं की."

पुनमनं मान वर केली. दारात तिशीचा एक माणूस उभा होता, मोटारसायकलवरच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेला. त्याच्या दंडाला धरून एक म्हातारी आत येत होती. तिच्या उजव्या डोळ्यात बुबुळाच्या मधोमध दुधाच्या सायीसारखा पांढरा ठिपका होता. डाव्या डोळ्यावरही धुरकट झाक होती. उंबरा तिनं आधी पायाच्या अंगठ्यानं चाचपला, मग ओलांडला.

"मी दिपक. पुसेगावच्या पल्याड आमचा तांडा हाय. ही माझी याडी," तो म्हणाला, आणि पुनमला कळावं म्हणून पुढं जोडलं, "आई. रुख्मिणीबाई. सकाळी सातला निघालो. तुमच्या मशीनखाली हिचे डोळे बघायचेत."

"कुणी सांगितलं तुम्हाला, मी डोळे बघते म्हणून?"

"समद्या पुसेगावात हाय ना. हट्ट्याच्या मॅडमनं मशीनखाली पंधरा डोळे बघितले, तेरा चांगले झाले."

पुनमच्या हातातलं ब्लेड जिथल्या तिथं थांबलं. सहा दिवसांपूर्वी जेवताना ती सासऱ्यांना म्हणाली होती, "मामा, आपल्या बागेतले पंधरा डोळे तपासले. तेरा चांगले निघाले."

आवाज ऐकून उत्तमराव ओसरीवरून आत आले. प्रकार कळल्यावर आधी ते हसले, मग म्हातारीकडे बघून त्यांनी हसू गिळलं.

"म्या जवळा गावच्या बाजारात सांगितलं खरं," ते म्हणाले. "हॉटेलात चहा पिता पिता, देविदासला. पर बराबर सांगितलं. डोळे म्हणलो, तपासले म्हणलो, पंधरात तेरा म्हणलो. आता सून शिकलेली हाय तर माणूस सांगणार न्हाई का?"

"लावा त्यांना फोन," पुनम म्हणाली.

म्हातारीला खाटेवर बसवून चहा दिला, आणि मग हळदीच्या वासात बसून एकेक फोन झाला. देविदास म्हणाला, त्यानं कुणाला काहीच सांगितलं नाही. फक्त शेजारी कांदे विकणाऱ्या आशाबाईला सांगितलं, आन ते काय सांगणं झालं का. आशाबाई म्हणाली, "काहून? काही वंगाळ झालं का? मी तर चांगलंच बोलले. सोयाबीन भरून न्यायला टेम्पो आलता, त्याच्या ड्रायव्हरच्या आईला डोळ्याची तकलीफ हाय. म्हणून त्याला म्हणलं, उत्तमरावच्या सुनेनं पंधरा जणांचे डोळे बघितले, तेरा जणांचे चांगले निघाले." टेम्पोवाला किसनसिंग हिंगोलीत सापडला. पुसेगावला पंक्चर काढायला थांबला होता, तिथं बोलला म्हणाला. "निघाले" नाही, "झाले" म्हणाला असेल. एवढं कोण ध्यानात ठेवतं? आणि पंक्चरच्या दुकानात हवा भरायला दिपक उभा होता.

चार माणसं, सहा दिवस, दोन तालुके. पुनमनं मनातल्या मनात ते सगळं मांडून पाहिलं. सगळ्यांत आश्चर्य तिला आकड्याचं वाटलं. पंधरात तेरा. बाजारातून, कांद्याच्या ढिगावरून, टेम्पोच्या केबिनमधून, पंक्चरच्या टायरवरून तो आकडा एक मात्राही न बदलता आला होता. खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येकानं आपल्या हातात आलं ते जरासं पुसून, जरासं चांगलं करून पुढं दिलं होतं. द्राक्ष पिकतं तशी अफवेची कंडीही पिकते असं मराठीत का म्हणतात, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता.

"काय म्हणून राहिले रे हे लोक?" खाटेवरून रुख्मिणीबाईंनी लेकाला विचारलं.

पुनम त्यांच्यापुढं उकिडवी बसली. "मावशी, चूक झाली आहे. मी माणसांचे डोळे बघत नाही. झाडाचे बघते. वेलीला जिथून फुटवा येतो, त्याला आम्ही डोळा म्हणतो."

म्हातारीनं कमरेवर हात ठेवला. दोन-अडीच तासांचा रस्ता तिच्या पाठीत दुखत असणार.

"झाडाला डोळे," ती म्हणाली. "बरं हाय. माझे गेले, झाडाचे तरी नीट राहू दे."

"ह्या डोळ्याला काय झालं, मावशी?"

"मोतीबिंदू होता. लोक म्हणले, पिकू दे, पिकल्याबिगर डाक्टर हात लावत न्हाई. मग मी पिकवत बसले. दोन वरसामागं बाजारात चष्मे विकणारा आलता, त्यानं बघितलं. म्हणला, बाई, पिकून फुटला तुझा, आता आत काही न्हाई. दवाखान्यात गेलीस तर काढून टाकतील."

"शंभरदा म्हणलो, हिंगोलीला चल," दिपक म्हणाला. "जात न्हाई. आता होळीपासून डावा बी धरला. शेळ्या कानाला हात लावून वळखते. परवा इहिरीच्या काठाला गेली होती, निलमनं धरली म्हणून. निलम म्हणजे आमची मंडळी."

"काहून जाऊ?" म्हातारी म्हणाली. "गेलेला का होईना, जागेवर तर हाय. काढून टाकल्यावर तिथं काय, खड्डा घेऊन बसू? इथं आले ते मशीन नुसतं बघतं, काढत न्हाई, असं ऐकलं म्हणून."

डोळ्याचा दवाखाना म्हणजे काय ते पुनम समजावून सांगू शकली असती. पण समजावणारे शंभर वेळा हरले होते, हे समोर दिसत होतं.

"दाखव तरी ते झाडाचं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "एवढी आले तर काहीतरी बघून जाते. डाव्यानं दिसंल तेवढं."

पुनमनं त्यांना स्टुलावर बसवलं. सूक्ष्मदर्शकाला दोन नळ्या होत्या. तिनं त्यांची मान हलकेच धरून दोन्ही डोळे दोन्ही नळ्यांवर टेकवले. खालचा दिवा पूर्ण वाढवला. नुकताच चिरलेला एक डोळा काचेवर ठेवला. घड भरलेला, खांदे सुटलेला.

"काय दिसतं?"

"हिरवं कायतरी हाय. धुक्यातलं पीक असतं तसं."

"तो घड आहे, मावशी. फेब्रुवारीत खायचा."

"एवढासा?" त्या पुटपुटल्या. "पोटातलं लेकरू असल्यावानी."

बराच वेळ रोखून बघितल्यानं त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. त्यांनी पदराचा बोळा करून तो डाव्या डोळ्यावर दाबून धरला. उजवा तसाच नळीवर राहिला. त्यांचं बघून झालं असं समजून पुनमनं हात लांबवला आणि दिवा बंद केला.

"काहून इझवला?" म्हातारी म्हणाली.

पुनमला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पदर डाव्या डोळ्यावर घट्ट होता. नळीवर होता तो फक्त पांढरा डोळा, दोन वर्षं मेलेला.

तिनं काही न बोलता दिवा पुन्हा लावला.

"हां. आता लावला."

बंद केला.

"आता न्हाई."

पुनमची पडताळून बघायची सवय सुटत नव्हती. बटणाचा आवाज होतो, त्यावरून म्हातारी अंदाज बांधत असेल. म्हणून तिनं दिवा लावूनच ठेवला आणि आवाज न करता मधे पुठ्ठा धरायला लागली. कधी धरला, कधी नुसता हात हलवून धरला नाही. क्रम मुद्दाम मोडला. दिपकला बोलू नका अशी खूण केली. दहा वेळा विचारलं. दहाही वेळा म्हातारीनं बरोबर सांगितलं.

कॉलेजमधली मैत्रीण सरिता पुढं डॉक्टरकीकडे वळली होती आणि आता हिंगोलीत डोळ्यांची डॉक्टर होती. पुनमनं तिला फोन लावून स्पीकरवर ठेवला, जे झालं ते क्रमानं सांगितलं. स्वतःचा अंदाज एकही सांगितला नाही.

"टॉर्च आहे?" सरितानं विचारलं. "डावा डोळा पूर्ण झाक. चारी बाजूंनी उजेड धर, कुठून येतो ते बोटानं दाखवायला सांग. मी फोनवर आहे."

उत्तमरावांनी रात्री बागेला पाणी सोडायला जाताना न्यायचा टॉर्च आणून दिला. खिडकी लावली. पुनमनं टॉर्च म्हातारीच्या उजवीकडे धरला. सुरकुतलेलं बोट उठलं, उजवीकडे गेलं. वर धरला, बोट वर. नाकाच्या बाजूनं, बोट तिकडं. खाली. मग तिनं टॉर्च विझवून पुन्हा उजवीकडेच धरला. बोट हवेत थांबलं, इकडं तिकडं शोधत राहिलं आणि मांडीवर परत आलं.

"आता कुठं बी न्हाई."

पुनम त्या बोटाकडे बघत राहिली. दुधी काचेच्या मागं, कुणी दार वाजवत नसताना, डोळ्याचा मागचा पडदा दोन वर्षं जागा राहिला होता. कुठून उजेड येतो ते नोंदत राहिला होता, कुणी विचारील म्हणून. हे तिनं पुस्तकात वाचलं असतं तर पान उलटून पुढं गेली असती.

"सांग," फोनमधून सरिता म्हणाली.

पुनमनं सांगितलं.

"मग आशा आहे. किती दिसेल ते बघितल्याशिवाय बोलणार नाही. पण डोळा गेलेला नाही. मावशी, ऐकू येतंय का? काढायचं ते आतलं पांढरं झालेलं भिंग. डोळा जागेवरच राहील. आणि पिकायची वाट बघायची नसते, तेही जुनं झालं."

रुख्मिणीबाईंनी पदर खाली घेतला.

"दोन वरसं," त्या म्हणाल्या, "मी ह्याला मेलेला समजून बसले. आन हा आत जिता."

दिपकनं तोंड फिरवलं.

"चल," त्या उठत म्हणाल्या.

"घरला?"

"हिंगोलीला. घरला गेले की बाया येऊन बसतील. कुणी म्हणंल अमकीचा डोळा काढला, कुणी म्हणंल तमकी आंधळी झाली, आन माझं मन फिरंल. आताच चल, मन हाय तंवर."

उत्तमराव फाटकापर्यंत गेले. "बाई," ते म्हणाले, "माझ्या तोंडानं तुमाला एवढा रस्ता पडला."

"पडू दे की," म्हातारी मोटारसायकलवर बसत म्हणाली. "तुमचं तोंड लई चांगलं हाय."

चौथ्या दिवशी बागेत छाटणी सुरू झाली होती. पुनम ओळीच्या टोकाशी उभी राहून कुठल्या डोळ्यावर कापायचं ते बायांना दाखवत होती, तेव्हा फोन वाजला. दिपक होता.

"मॅडम, पट्टी काढली. बोला तिच्याशी."

फोन हातातून हातात गेला.

"लेकी," रुख्मिणीबाई म्हणाल्या, "हातावर गोंदण हाय माझ्या. लहानपणचं. मला वाटलं, म्हातारपणी पुसून गेलं."

"मग?"

"निळं हाय गं. सगळंच्या सगळं. एक टिपका बी उणा न्हाई."