ऐकलेले गोल

"आई, कुठे चाललीस? सेकंड हाफ सुरू होतोय."

विनीता सोफ्यावरून उठली होती. टीव्हीवर शून्य-तीन असा स्कोअर होता आणि लिव्हरपूलची पोरं मान खाली घालून आत गेली होती.

"स्वयंपाकघरात जाते," ती म्हणाली.

"अगं, रेकॉर्डिंग आहे हे. दोन हजार पाचचं. रिझल्ट चेंज नाही होणार, ला." सिंगापुरात वाढलेल्या मुलाच्या वाक्याला शेवटी इथला हा "ला" चिकटायचाच.

"रिझल्ट मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे."

खरं तर आजचा बेत तिचाच होता. गेल्या रविवारी नवऱ्याचं, प्रबोधचं, वर्षश्राद्ध झालं. जेवून मंडळी गेली, तेव्हा तिनं मुलाला, धवलला, सांगितलं की मला इस्तंबूलची फायनल बघायची आहे; पूर्ण, आणि हॉलमध्ये बसून. धवल जुरोंग ईस्टला राहतो. आज दुपारी तो तिच्याकडे बुकित पंजांगला आला तो लॅपटॉप घेऊनच, आणि कुठूनसा शोधलेला तो सामना त्यानं टीव्हीला जोडून दिला.

कारण या बाईनं नवऱ्याच्या लाडक्या फुटबॉल क्लबचा, लिव्हरपूलचा, एकही मोठा गोल पाहिलेला नव्हता. दोष तिचा नव्हता, कणकेचा होता.

त्या वर्षी ते क्वीन्सटाउनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये होते. सामना इथल्या वेळेनं पहाटे पावणेतीनला होता. हाफ टाइमला तीन गोल अंगावर बसल्यावर प्रबोधनं "संपलं" म्हणून टीव्हीसमोरच पांघरूण डोक्यावर घेतलं. जागं राहिलोच आहोत तर डब्याच्या पोळ्या उरकाव्यात, म्हणून विनीता आत जाऊन कणीक भिजवायला लागली. हात मनगटापर्यंत पिठात असतानाच बाहेरून प्रबोधची पहिली आरोळी आली. ती तशीच निघाली, तर दारात पोचेपर्यंत दुसरा गोल. प्रबोध दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "तिथेच थांब. मळत राहा."

सहा मिनिटांत तीन गोल झाले. जादा वेळ झाला, पेनल्ट्या झाल्या, कप मिळाला. तोवर ती मळत होती. त्या दिवशीच्या पोळ्यांचं ऑफिसात कौतुक झालं म्हणे.

पुण्याच्या माणसाला यापुढचं समजावून सांगावं लागत नाही. कोण उठून गेल्यावर विकेट पडली आणि कोण पाय पोटाशी घेऊन बसल्यावर सिक्सर बसली, याची नोंद ठेवणाऱ्या घरातून प्रबोध आला होता. बाराशे माणसांच्या कंपनीची सगळी यंत्रणा सांभाळणारा इंजिनीअर तो, पण मोठा सामना असला की बायकोला स्वयंपाकघरात पाठवायचा. दोन हजार सातच्या फायनलला ती नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्याला होती, आणि क्लब हरला. "तू इथे असायला हवी होतीस," तो फोनवर म्हणाला, आणि भाचीची चौकशी त्यानंतर केली. अठरा साली ती पाण्याची बाटली द्यायला हॉलमध्ये डोकावली, तर हरले. दोन दिवस अबोला. एकोणीस साली पाव किलो लसूण सोलून झाला, आणि जिंकले. वीस साली तीस वर्षांनी लीग मिळाली, त्या दिवशी क्लब खेळतही नव्हता. दुसऱ्याच कुणाच्या हरण्यावर ती मिळायची होती. तरीही विनीता ओट्याशी उभी होती.

गंमत म्हणजे या सगळ्यात खरी भक्त ती झाली. सहा युरोपियन कप कुठे आणि कुणाविरुद्ध जिंकले, हे तिला प्रबोधच्या आधी आठवायचं. क्लब जन्मला कसा, ते तर ती रंगवून सांगायची. मैदानाच्या मालकानं भाडं वाढवलं, भाडेकरू क्लब रुसून निघून गेला, आणि रिकाम्या मैदानाचं करायचं काय म्हणून मालकानं अठराशे ब्याण्णव साली नवा क्लब काढला. सिंगापुरात तीन फ्लॅट बदललेल्या विनीताला त्यातल्या भाडेकरूचंच पटायचं.

राग मात्र होता. एकदा तरी "ये गं बाहेर" म्हणाला असता, असं तिला वीस वर्षं वाटत होतं. गेल्या एप्रिलमध्ये क्लबनं पुन्हा लीग जिंकली तेव्हा अडवायला कुणी उरलं नव्हतं, पण तिनं टीव्हीच लावला नाही. तिला आधी जुने, हुकलेले गोल हवे होते. ते एकदा डोळ्यांनी पाहिले की प्रबोधवरचा राग संपेल, असा तिचा हिशेब होता.

आणि आता ती सोफ्यावर बसू शकत नव्हती.

"मी इथे बसले आणि झालेच नाहीत तर?" तिनं विचारलं.

धवल हसणार होता, पण आईचा चेहरा बघून थांबला. "ओके. मग मी काय करू?"

"गोल झाला की सांग. बाबा सांगायचे तसं."

ती आत गेली. कणीक मळायची गरज नव्हती; एकटीला दोन पोळ्या पुरतात आणि त्या सकाळीच झाल्या होत्या. ती नुसतीच ओट्याला हात टेकून उभी राहिली. खिडकीतून समोरच्या ब्लॉकवरचे वाळत घातलेले कपडे दिसत होते. थेट सामना असला की त्या ब्लॉकमधला ओरडा आधी यायचा, त्यांचा टीव्ही दोन-तीन सेकंद पुढे असायचा. पण प्रबोधचा आवाज येईपर्यंत ती गोल धरायची नाही.

बाहेर प्रेक्षकांचा आवाज चढला.

"वन, आई," धवल म्हणाला. लिफ्टमध्ये मजला सांगावा तसं.

"ऐकू आलं नाही."

"वन! हेडर."

तिनं मान हलवली. कसा झाला, ते तिला ठाऊकच होतं. वीस वर्षं तिला वाटत होतं की आपल्याला गोल बघायचाय. आता ओट्याशी उभं राहिल्यावर तिला स्वच्छ कळलं की गोल नकोच होता. आरोळी हवी होती. शेजाऱ्यांची लाज न बाळगता, घसा फाटेपर्यंत "विनीता" म्हणून मारलेली. एरवी हा माणूस ऑफिसातून आल्यावर "मीठ दे", "पाणी दे" एवढंच बोलायचा. तिचं नाव एवढ्या मोठ्यानं त्यानं फक्त गोल झाल्यावर घेतलं.

"टू!" धवल आता खरंच ओरडला. आवाज मध्येच चिरकला.

तिसरा गोल कसा आहे, हेही तिला पाठ होतं. पेनल्टी मिळते, गोलकीपर ती अडवतो आणि परत आलेला चेंडू आत जातो. त्या पहाटे प्रबोध आधी "गेली" म्हणाला होता, मग बराच वेळ काही बोललाच नव्हता असं तिला वाटलं होतं, आणि मग ओरडला होता. तिनं डोळे मिटले आणि वाट पाहिली.

समालोचक पेनल्टी म्हणाला. स्टेडियम शांत झालं. धवलचा आवाज आला नाही.

तिनं डोळे उघडले तर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, हातात रिमोट, नाक लाल झालेलं.

"आई, मला बाबांसारखं नाही जमत," तो म्हणाला.

"नाही ना जमत," ती म्हणाली. "ये इकडे."

त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. आपलं पोर इतकं उंच झालंय हे तिच्या आज लक्षात आलं. बाहेर एकदम गर्जना झाली, तिसरा गोल झाला. तो पाहायला हॉलमध्ये कुणीच नव्हतं.