साड्यांच्या कपाटातला माइक

मी माइक बोलतोय. दचकू नका! जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं, आज माझी पाळी.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या गायकाच्या तोंडाशी मिरवीन. नशीब बघा, मला घेतलं उल्कानं. ही पुण्याची पोरगी बंगळुरात भाषाशास्त्रात पीएच.डी. करते. तिचं म्हणणं एवढंच, की मराठी शब्दात स्वर जिथे लांब, बोलताना जोरही तिथेच पडतो. तिचे सर म्हणाले, "लोकांच्या बोलण्यात दाखव, नाहीतर विषय बदल." सगळी मेहनत पाण्यात जाणार म्हणून बिचारीची झोप उडाली.

म्हणून आम्ही बंगळुरातल्याच चिकपेटला कमलाअक्कांकडे आलो. यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, मराठी फक्त घरात बोलायची. बाहेर हॉर्नचा गोंगाट, तेव्हा उल्कानं अक्कांना आणि मला साड्यांच्या कपाटात बसवलं. डांबरगोळ्यांच्या वासानं जीव नकोसा झाला हो!

माझा लाल दिवा लागला आणि एरवी घडाघडा बोलणाऱ्या अक्का उल्कानं दिलेले शब्द एकदम बातम्या दिल्यासारखे वाचायला लागल्या. "कऽऽमऽऽळ. बाऽऽजाऽऽर." प्रत्येक स्वर ताणलेला, प्रत्येकावर हातोडा. आखूड स्वर एकही शिल्लक नाही, मग जोर कुठे पडतो ते ताडून बघायचं कशाशी? उल्का बाहेर लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली.

"अक्का, नेहमीसारखं बोला ना."

"नेहमीचं कशाला गं? शुद्ध बोलते की!"

तेवढ्यात अक्कांचे यजमान जयतीर्थअण्णा यांनी कपाटाचं दार उघडलं. "माझा पंचा कुठाय?"

"अहो, स्वल्प थांबा की! इथं माझी परीक्षा चाललीय आणि तुम्हाला पंचा हवा होय?"

उल्का उडीच मारायची राहिली. "हेच! अस्संच बोला!"

अक्का ओशाळल्या. "ते पुसून टाक बाई. आमच्या या 'स्वल्प'वाल्या कानडी मराठीला तुमचे पुण्याचे लोक हसतात."

"हसू देत. मला तुमचीच हवी."

मग अक्का भाजी निवडताना बोलावं तसे सगळे शब्द बोलून मोकळ्या झाल्या. लॅपटॉपवर लांब स्वरांपाशी जोराची रेघ अशी वर चढली, की उल्कानं मला चक्क कुरवाळलं.

आता माझी जाळी चेपलीय, डांबरगोळ्यांचा वास काही जात नाही. तुम्ही कधी माझ्यासमोर आलात, तर उगाच दुसऱ्याचा आवाज काढू नका बरं!

त्या दिवशी उल्कानं अक्कांच्या कानाला हेडफोन लावून त्यांचंच बोलणं ऐकवलं. अक्का ऐकत राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे.

"अगंबाई, ही तर माझी आई बोलतेय," म्हणाल्या. "परत लाव."