कोजोची विचारपूस

प्रबोधच्या हाताखालचा इंजिनियर कोजो पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचा, फॉन बोलणारा. झोप, घर, मुलंबाळं, सासुरवाडी या सगळ्यांची विचारपूस केल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, ही फॉन लोकांची रीत. कसली ही रोजची कटकट! बंदरावर जहाज खोळंबलेलं असताना प्रबोध "सगळं ठीक" एवढ्यावरच त्याची बोळवण करायचा.

एका रविवारी कोजो प्रबोधच्या समुद्रकाठच्या मरीन परेडमधल्या फ्लॅटवर जेवायला आला. दारातच त्यानं प्रबोधच्या बायकोला, सरोजिनीला विचारलं, "वहिनी, झोप नीट लागते ना? माहेरचे कसे आहेत?"

"झोप कसली! पुण्याला आईचा पाय मोडलाय, पंधरवडा झाला."

प्रबोधला हे आत्ताच कळत होतं.

कोजो गोंधळला. "पण साहेब तर रोज सांगतात, सगळं ठीक आहे म्हणून!"

"त्यांना काय विचारता?" सरोजिनी म्हणाली. "ते इथं नुसते राहतात."