उजव्या हाताचं माप

कागदाची पट्टी बोटाला चिकटली होती, घामानं. कॅलेंडरच्या मागच्या महिन्याच्या पानाची कड कापून काढलेली ती पट्टी — एका बाजूनं कोरी, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा एकादशीचं अर्धं अक्षर — रामहरीनं आधी स्वतःच्याच बोटाला गुंडाळून बघितली होती, आणि आता ती सुटेना म्हणून तो नखानं तिचं टोक शोधत होता. मोबाइलमधली बाई सांगत होती, दोरा घेऊ नका, दोरा ताणला जातो, कागद घ्या. पट्टी बोटाच्या मुळाशी गुंडाळा, आवळू नका, सैलही सोडू नका, टोक जिथं येईल तिथं पेनानं खूण करा... आवाज त्यानं अगदी बारीक ठेवला होता. समोरच्या खाटेवर बजाबाई झोपली होती, आणि आईला पत्ता लागू द्यायचा नाही असं पूनमनं दोनदा बजावलं होतं.

पूनम त्यांची मुलगी, पुण्यात असते. परवा फोनवर म्हणाली, "आण्णा, तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. आईला अंगठी करायची. माप तेवढं गुपचूप घ्या नि मला पाठवा. व्हिडिओ टाकलाय, बघा, सोपं हाय." आणि व्हिडिओच्या खाली तिनं दोन लाल बदाम टाकले होते, लिहिलं होतं, तुमच्या दोघांच्या प्रेमासाठी. रामहरीनं ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग तो नळाला पाणी आलंय का बघायला उठून गेला होता. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता, हे त्याला मोरीत गेल्यावर आठवलं.

जुनी अंगठी असेल तर तिचंच माप घ्या, सगळ्यात सोपं, असंही ती बाई म्हणाली होती. जुनी होती की. कुंकवाच्या रिकाम्या डबीत होती. त्यानं ती सकाळीच काढून बघितली — मधोमध कापलेली, दोन्ही टोकं फाकलेली, गोल म्हणावी असं तिच्यात काही उरलं नव्हतं. दिवाळीच्या आधी बजाबाईचं डावं अंग गेलं त्या दिवशी दवाखान्यात हात इतका सुजला की अंगठी मांसात रुतली, आणि तिथल्या एका माणसानं बारीकशी करवत आणून ती कापली. हात कुणीतरी धरा, तो म्हणाला. मी धरला. घट्ट धरला, हलू नये म्हणून. ती शुद्धीत होती, छताकडं बघत होती, करवत किरकिर वाजत होती, आणि मला त्या वेळी एवढंच वाटत होतं की बाहेर लावलेली सायकल कुलूप घालून ठेवायची राहिली... हे त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून त्याला काही वाटत नाही. म्हणजे भूक लागते, ऊन लागतं, गुडघा दुखतो, ते सगळं होतं. पण बजाबाईकडं बघून जे वाटायला हवं, जे पूनमला पुण्यात बसून वाटतं, तसलं काही येत नाही. पहाटे उठायचं, तिला कुशीवर करायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची, दुधात कडक भाकरी चुरून द्यायची, डाव्या हाताला तेल लावायचं, तो उशीवर उंच ठेवायचा. एसटीत छत्तीस वर्षं कंडक्टरकी केली तशीच ही ड्यूटी. चुकवायची नाही, तक्रार करायची नाही, तिचा हिशोब चोख. शेजारची चंद्रव्वा, दुधनीकडची, दर चार दिवसांनी डोकावते आणि म्हणते, "तुमी देवमाणूस हाय बघा, रामहरीभाऊ. बायकूचं एवढं कोण करत न्हाय." ती असं म्हणाली की त्याला गाडीत तपासनीस चढल्यावर बिनतिकिटाच्या माणसाचं होतं तसं होतं. तो मान खाली घालून चहाची भांडी विसळायला लागतो, आणि चंद्रव्वाला वाटतं, किती साधा माणूस.

पट्टी एकदाची सुटली. त्यानं ती पँटवर घासून कोरडी केली आणि खाटेजवळचं स्टूल ओढलं. डावीकडचं. स्टूल तिथंच असायचं, कारण खाटेची दुसरी बाजू भिंतीला लागलेली होती.

तिचा डावा हात उशीवर होता, जड, जरासा थंड, कातडी ताणून चकाकणारी. त्यानं तो उचलून मांडीवर घेतला तरी ती जागी झाली नाही. होणारच नव्हती. व्यायाम घ्यायला एक मॅडम येतात, त्या बजाबाईला डोळे मिटायला सांगतात, पेनाची मागची बाजू एकेका बोटावर दाबतात आणि विचारतात, "आजी, कळतंय का?" बजाबाई म्हणते, "न्हाय." कधीकधी मॅडमना बरं वाटावं म्हणून पेन टेकायच्या आधीच ती "व्हय, कळतंय की" म्हणून टाकते, आणि मॅडम हसतात, आणि रामहरी खिडकीबाहेर बघतो.

त्यानं पट्टी गुंडाळली. अंगठीचा वळ अजून होता, बोटाच्या मुळाशी फिकट, आत गेलेला. मनगटावर तव्याच्या चटक्याचा जुना डाग होता, बोटभर लांब. हा कधीचा? त्याला माहीत नव्हता. असेल त्या वर्षांतला, जेव्हा तो मुक्कामाच्या गाड्या करायचा, आज दुधनी, उद्या मंगळवेढ्याच्या पलीकडचं कुठलं गाव, आणि घरी यायचा तो झोपायला. किती हात हातावर आले त्या वर्षांत — नाणी ठेवणारे, मळलेले, मेंदीचे, बोट तुटलेले, शेळीच्या दुधाचा वास येणारे — आणि त्यातला एकही आठवत नाही, आठवायचं कारण नव्हतं, पैसे घ्यायचे, चिमट्यानं तिकिटाला भोक पाडायचं, पुढं सरकायचं. बजाबाईचा हात त्यांतला नव्हता. तो तर कधी असा, उजेडात, हातात घेऊन बघितलाच नव्हता. आणि आता बघत होता, कितीही वेळ बघता येत होतं, तळवा उलटा करून, एकेक पेर दाबून, कारण हाताला कळत नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा त्याला चोरी करताना सापडल्यासारखं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

त्यानं खूण केली. पेन घसरलं आणि तिच्या बोटावर निळी रेघ उमटली. पट्टी सरळ करून त्यानं नातीच्या जुन्या कंपासमधल्या फूटपट्टीवर ठेवली, फोटो काढला, पूनमला पाठवला, आणि हात परत उशीवर ठेवला. झालं, तो मनात म्हणाला, जसं डेपोत पैसे भरून झाल्यावर म्हणायचा.

ऊन कलल्यावर पूनमचा फोन आला. तो मोबाइल घेऊन मागच्या दारात गेला.

"आण्णा, एवढं मोठं माप कसं? कुठल्या हाताचं घेतलं?"

"डाव्या. अंगठी डाव्यातच हुती की."

"अवो, त्या हाताला सूज असते. आज बसेल, उद्या रुतेल. परत कापायची का अंगठी?" ती थांबली. "उजव्याचं घ्या. ती उजव्यात घालील आता. आणि दिवस मावळताना घ्या, तेव्हा बोट जरा फुगलेलं असतं. सोनाराला मी आज सांगते म्हणून बोललेय."

"उजव्या हाताला कळंल की तिला."

"मग झोपेत घ्या."

"आता उटली आसंल."

"आण्णा," पूनम म्हणाली, "सहज हात हातात घ्या, बोलत बसा, नि घ्या. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. फोन बंद झाला तरी तो दारातच उभा राहिला. चंद्रव्वाच्या दोरीवरचे कपडे वाळून कडक झाले होते. सहज हात हातात घ्या, पूनम म्हणाली, जणू घरात रोज तेच चालतं. माझ्या हाताला त्या हाताची वाटच माहीत नाही, हे पोरीला कसं सांगू? उजव्या हातानं बजाबाई जेवते, उजव्या हातानं पदर सारखा करते, त्याच हातानं पाणी पाजताना भांडं हिसकून घेते, "मी घेती" म्हणते. तो हात तिचा आहे. सात महिने तो तिच्या डाव्या बाजूलाच बसत आला. उचलायचं डावीकडून, वळवायचं डावीकडून. तिला दवाखान्यातून घरी आणल्याबरोबर त्यानं स्वतः खाटेची उजवी बाजू भिंतीला लावली होती. आधार राहील म्हणून, असं त्या वेळी तो म्हणाला होता. पण तिचं गेलेलं अंग डावं होतं, पडली असती तर डावीकडूनच पडली असती, भिंत तिकडं हवी होती. हे इतके दिवस कुणाच्या, अगदी मॅडमच्याही लक्षात कसं आलं नाही? छातीत काहीतरी बारीक हललं, आणि पुन्हा जाग्यावर बसलं.

ती जागी होती. पंख्याकडं बघत होती. त्यानं खाटेचा पाय धरला आणि खाट ओढली. फरशीवर ती करकरली.

"काय करताय?" बजाबाईचे शब्द आता सावकाश येतात, एकेक.

"भिंतीकडनं झाडायचं हाय."

भिंतीकडे जळमटं होती, एक चमचा होता, औषधाचं रिकामं पाकीट होतं. त्यानं झाडू मात्र आणला नाही. स्टूल उचलून तो त्या बोळात शिरला, पाठ भिंतीला टेकवून बसला. गुडघे खाटेला लागत होते. या बाजूनं तिचा चेहरा वेगळा दिसत होता, इथं ओठ सरळ होता, डोळा नीट उघडा होता. या बाजूनं ती आजारी वाटतच नव्हती, मंगळवेढ्याच्या बाजारातून पाठीवर पूनमला घेऊन गाडीत चढायची आणि तो कंडक्टर असूनही स्वतःचं तिकीट मागून घ्यायची, तीच वाटत होती. चाळीस वर्षांची ओळख असलेल्या बाईसमोर त्याला अवघडल्यासारखं झालं.

"हिकडं का बसलाय?"

"बोटं बघतो. मॅडमनं सांगितलंय."

"आवं," ती म्हणाली, "ह्यो हात बरा हाय की. ह्याला कळतंय."

"व्हय. तरी बी बघायचं म्हणाल्या. डोळे मीट."

तिनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग मिटले.

हात गरम होता. आधी त्याला ते कळलं, मग इतर सगळं. तो हात त्याच्या हातात नुसता पडून राहिला नाही. बोटं जराशी आखडली, पुन्हा सैल झाली, जागा बघून घेतल्यासारखी. त्यानं करंगळी दाबली. "कळतंय का?"

"कळतंय."

"हे?"

"कळतंय."

पेन त्यानं काढलंच नाही. अंगठीच्या बोटाला पट्टी गुंडाळताना टोक निसटलं, कागद घामानं मऊ झाला होता, त्यानं पुन्हा धरलं. पेर जाड होतं, मुळाशी बोट बारीक. दोन्हीकडचं माप घ्या, मधलं धरा, असं काहीतरी ती बाई सांगत होती... त्यानं नखानं खूण केली.

"ह्ये काय गुंडाळलं?"

"कागद."

"कागद व्हय," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. मग म्हणाली, "त्या हाताच्या बोटावर शाई हाय. दुपारची. पुसायची राहिली बघा तुमची."

भिंत पाठीला गरम लागत होती, दिवसभर तापलेली. पट्टी काढून खिशात टाकावी, उठावं, पूनमला फोटो पाठवावा, खाट पुन्हा सरकवावी — पण हात सुटला नव्हता. तिनं तो फिरवला होता. आता त्याचा हात खाली होता आणि तिचा वर, आणि तिचा अंगठा त्याची करंगळी शोधत होता.

"आता तुमची बोटं आणा," ती म्हणाली. "डोळे मिटा."

त्यानं मिटले.

तिनं दाबलं. करंगळीवर, मग शेजारच्या बोटावर, आणि तिथंच अंगठा ठेवला. "कळतंय का?"

दाब कळत होता, तो कुणालाही कळला असता. व्हय म्हणून टाकणं सोपं होतं, मॅडमना ती म्हणते तसं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. सात महिने तो सगळ्यांना तेच म्हणत आला होता, चंद्रव्वाला, पूनमला. व्हय... ओठांवर आलं आणि त्यानं ते बाहेर पडू दिलं नाही. त्या बोटाच्या आत, खोल कुठंतरी, बसून बसून बधिरलेल्या पायाला जाग येताना होतं तसं काहीतरी होत होतं, दुखत होतं म्हणावं इतकंही नाही, आणि ते तिच्या अंगठ्यामुळं आहे की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. अंगठा दाबलेलाच होता. ती घाई करत नव्हती.

"थांब जरा," तो म्हणाला. "बघू दे."