माझ्या पोटाखालचे तेल

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या इंजिनाच्या सांध्यासांध्यात रबराच्या कोऱ्या पट्ट्या बसवल्या गेल्या आणि पोटाखाली प्लॅस्टिकचे रुंद झाकण लावले गेले, रस्त्यावरचा चिखल आत उडू नये म्हणून. त्या झाकणाचा मला फार अभिमान होता. आता त्याची लाज वाटते.

बरीच वर्षे धावल्यावर मला एका फोटोग्राफरने घेतले. तो सुट्टीच्या दिवशी मला स्वतः धूत असे. "आवाजच येत नाही हो तुमच्या गाडीचा," शेजारी म्हणत, आणि मी फुगून जाई.

आमच्या इमारतीच्या तळघरात उतारावर गाड्या लागत. माझ्या मागे एका प्लंबरची चेपलेली व्हॅन उभी असे. त्याची म्हातारी आई गुडघ्यांनी अधू होती. पुढच्या दाराला उंच पायऱ्या होत्या, म्हणून ती लिफ्टने तळघरात येई आणि मुलाबरोबर व्हॅनमधून थोरल्या बहिणीला भेटायला जाई. ती बहीण अंथरुणाला खिळलेली होती.

एकदा व्हॅनच्या आणि माझ्या मधल्या फरशीवर तेलाचे डाग पडू लागले. झाडणाऱ्या बाई घसरता घसरता वाचल्या. मग सगळे रहिवासी तिथेच डागांभोवती जमले.

"माझ्या गाडीखाली मी स्वतः हात घालून बघितलंय," फोटोग्राफर म्हणाला. "ठणठणीत कोरडी आहे. ही व्हॅनच गळतेय. तिच्या तोंडाकडे बघा की."

लोक हसले. प्लंबर हसला नाही. "माझी गाडी गळत नाही. हवं तर कुणाही मेकॅनिकला आणून दाखवा."

कुणी कुणाला आणले नाही. व्हॅनने तळघरात यायचेच नाही, असे ठरले.

मित्रांनो, फोटोग्राफर खोटे बोलत नव्हता. त्याचा हात लागला होता तो झाकणाच्या पुढच्या, कोरड्या भागाला. तेल मात्र माझेच होते. इंजिनावर, तेल गाळणारा फिल्टर ज्या डबीत बसतो तिच्या सांध्यातली रबराची पट्टी कडक झाली होती. तिथून तेल झिरपून झाकणावर साचे, उताराने मागे वाहत जाई आणि मागच्या कडेवरून व्हॅनच्या तोंडाशी टपके. मला तोंड असते तर मी सांगितले असते, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण कौतुक इतके गोड लागत होते, की तोंड असूनही ते उघडले असते की नाही, कोण जाणे.

व्हॅन गेली. डाग पडतच राहिले.

एका सकाळी फोटोग्राफरला ओला थेंब दिसला. त्याने वाकून माझ्या झाकणाच्या मागच्या कडेवरून बोट फिरवले. काळे झालेले बोट रुमालाला पुसले आणि आजूबाजूला पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने डाग झाकायला पोतेभर भुसा आणून तिथे पसरला.

"वर जाऊन सांग त्या मायलेकांना," बायको म्हणाली.

"सगळ्यांसमोर ठासून बोललोय. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"त्याच तोंडानं."

"सांगतो गं, सवडीनं."

सवड काही झाली नाही. तो गुपचूप माझ्यात तेल भरत राहिला. तिकडे प्लंबरने आईला उचलून पुढच्या पायऱ्यांवरून उतरवून पाहिले. "पोत्यासारखी नको रे नेऊस मला," ती म्हणाली, आणि तिचे बहिणीकडे जाणे थांबले. झाडणाऱ्या बाई हे कुणाला तरी सांगत होत्या, तेव्हा मला कळले. फोटोग्राफर तिथेच काच पुसत होता. त्याचा हात थांबला, मग पुन्हा पुसू लागला.

पुढे तेल माझ्या तापलेल्या धुराच्या नळीवर पडू लागले. "बाबा, काहीतरी जळतंय," मागे बसलेली त्याची लेक म्हणाली. तेव्हा कुठे तो मला गॅरेजमध्ये घेऊन गेला.

तिथल्या मेकॅनिक बाईंनी झाकण उतरवले आणि काळे तेल बदाबदा सांडले. "टपकतं एकीकडे, गळतं भलतीकडे," त्या म्हणाल्या. त्यांनी इंजिन धुतले, तेलात चमकणारा रंग मिसळला, मला चालू ठेवले आणि निळा दिवा धरला. वरच्या सांध्यापासून हिरवट पिवळी रेघ खाली उतरलेली दिसली. जुनी पट्टी काढताना तिचे तुकडे पडले.

"खाली डाग पडत असतील ना? मग इतके दिवस का थांबलात?"

"ते दुसऱ्याचे आहेत असं सांगून बसलो होतो," तो म्हणाला.

घरी परतताना त्याने मला रस्त्यात व्हॅनच्या शेजारी उभे केले. प्लंबर पाइप उतरवत होता.

"तेल माझ्याच गाडीचं होतं," फोटोग्राफर म्हणाला. "मला कळलं होतं, तरी गप्प बसलो. सगळ्यांना सांगतो मी. व्हॅन आत आणा. आणि आईंना मावशींकडे आजच घेऊन जाऊ, मी येतो बरोबर."

प्लंबरने पाइप खाली ठेवला. "मावशी गेली. पंधरवडा झाला."

"आईंची भेट..."

"फोनवर बोलली. मावशीला नीट ऐकू येत नव्हतं."

प्लंबरने पुन्हा पाइप उचलला. "व्हॅन आणतो आत. दवाखान्यात तरी नेता येईल तिला."

मित्रांनो, आता माझ्यातून थेंबही गळत नाही. पण एका बहिणीची भेट माझ्यामुळे राहून गेली, आणि त्याला कुठल्याच गॅरेजमध्ये इलाज नाही. तुमच्या घरी गाडी असेल, तर नुसता वरून हात लावू नका. झाकण काढून बघायला सांगा. आणि डाग आपला निघाला, तर त्याच दिवशी वर जाऊन शेजाऱ्याचे दार वाजवा. त्या दाराआड कुणाला कुठे पोहोचायची घाई आहे, ते खालून दिसत नाही.